ओवरचा टवका

घेवरराम मकराण्याहून
गझगानच्या संगमरवराच्या खाणीवर आला तेव्हा
त्याने सबजी मागितली,
आणि सनोबरखालाने त्याच्यापुढे
सोललेली गाजरं ठेवली. नुसती गाजरं.
इकडे सबजी म्हणजे गाजरच.
तीन दिवस त्याने ती मुकाट खाल्ली,
चौथ्या दिवशी मला हळूच विचारलं,
अठै और कीं कोनी ऊगै कांई?

मी कारखान्याचा दुभाष्या.
दरपत्रकं, आजारपणं, भांडणं,
सगळं इकडचं तिकडे करायचं.
माझी स्वतःची भाषा तिसरीच,
तिला त्या अंगणात गिऱ्हाईक नव्हतं.

संध्याकाळी द्राक्षाच्या मांडवाखाली
ती म्हणायची हव्ली, तो म्हणायचा हवेली.
तिची म्हणजे चार जर्दाळू, एक तंदूर आणि हे अंगण.
त्याची तीन मजली, शेठची, बाहेरून कुलूप लावलेली.
एकच शब्द दोघांनी दोन टोकांना धरलेला,
चादर झटकताना धरतात तसा.

दोघंही क्रियापद शेवटी ठेवायची.
काय झालं ते कळायला
वाक्य संपेतो थांबावं लागे.
मला ते सोपं जायचं. का, ते मी सांगितलं नाही.

घेवरराम अडायचा तो एकाच ठिकाणी.
उझबेकमध्ये तो, ती, ते, सगळ्यांना मिळून एक 'ऊ'.
लुगाई है कै मिनख? तो विचारी.
खाला म्हणे, ज्याला ठाऊक त्याला ठाऊक,
आणि पियाला पुढे सरकवी.

मार्चमध्ये तिने नवऱ्याचा दगड करायला घेतला.
मुलगा सुर्गुतला, बर्फात, वायूच्या नळांवर.
त्याने फोनवर सांगितलं, नव्या लिपीत करा,
पोरांना वाचता यायला हवं.
नवरा जन्मभर रशियन अक्षरांत सही करत आलेला.
खाला दोन दिवस गप्प होती, मग म्हणाली, नव्या.
अक्षरामागे पैसे पडत,
म्हणून मानाचे लांब शब्द तिने गाळले.
नाव. साल. शेवटी एकच शब्द:
ओल्दी. मेला.

कागदावर त्या ओच्या खांद्यावर
तिळाएवढा एक स्वल्पविराम होता.
घेवररामला वाटलं, पेन टेकलं असेल.
त्याच्या आजोबांच्या चोपड्यांत
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
नुसती व्यंजनं पाठीला पाठ लावून बसलेली
आणि तेवढ्यावर कलकत्त्यापर्यंतची देणी फिटलेली.
तिळाला कोण विचारतो?
त्याने तो सोडला
आणि तिथला दगड घासून आरसा केला.

ओठ गोल केले की ओल्दी, मेला.
ओठ सैल सोडले की ऑल्दी, घेतलं.

एर्गश. दोन हजार वीस. घेतलं.

खाला वाचत उभी राहिली.
मी मनात हिशेब करत होतो,
नवा दगड कोणाच्या पगारातून.
घेवररामला समजावलं तर तो खालीच बसला,
पायाजवळची खडी गोळा करू लागला, उगाच.

याच्या भाषेत हे कसं म्हणतात, तिने विचारलं.
मी त्याला विचारलं.
तो म्हणाला, पहलां ओ बता, कुण?
मिनख हुवै तो ले ग्यो,
मौत हुवै तो ले गी.
बिना जाण्यां कियां बोलूं?

मी तिच्याकडे वळलो. तो, की ती?
ऊ, खाला म्हणाली.

मग तिने दगडावरची पांढरी भुकटी
ओढणीच्या टोकाने पुसली,
पण ओवरची जागा सोडून.
राहू दे, म्हणाली. जर्दाळू पिकले की मुलगा येईल.
त्याला वाचू दे.

घेवरराम तेव्हापासून
बारीक छिन्नी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरतो.
चहाला बसला की ती बरगडीला टोचते.
एका टोल्याचं काम आहे, तो मला रोज सांगतो,
एकाच टोल्याचं,
ती हो म्हणाली की