बर्फाचं यंत्र सुरू झाल्यावर

लिलावाचं सॉफ्टवेअर घेऊन ब्रेइशो आला
तो मंगळवारी, दुपारी तीनला,
जेव्हा गलिसियातल्या आमच्या या लहानशा बंदरात
मांजरंसुद्धा झोपलेली असतात.
बूट कोरडे. पडद्यावर बारा पेट्या,
बारा भाव,
आणि बोट टेकायच्या आत पावती तयार.
संचालकांनी माना डोलावल्या.
उशीओनं तर सहीसाठी पेनही उघडलं.

मी म्हटलं, छान आहे.
आता हेच पहाटे साडेचारला करून दाखव.

"वेळेचा काय संबंध?" तो हसला.

माझ्याकडे नाताळच्या आदल्या पहाटेची यादी आहे,
एकोणीसशे सात पेट्या:
तारल्या, बांगडे, माकूल,
एकाच होडीचं नाव तीन कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं.
ती घाल यात.
धुऊनपुसून नको, आहे तशी.
आणि हातमोजे घाल. ओले.
घोडामैदान इथंच आहे,
या निसरड्या फरशीवर.

आला. खरंच आला, चारलाच,
थंडीनं नाक लाल.
पहिल्या दोनशे पेट्या लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या.
सातशेला पडदा जरा विचारात पडला.
मग कोपऱ्यात बर्फाचं यंत्र धडधडलं
आणि नेहमीसारखा तारेतला जीव गेला.
ते पांढरं वर्तुळ
फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
एकोणचाळीस सेकंद.

चहात साखर ढवळायला लागतात तेवढे.
पण वर्तुळ थांबलं तेव्हा
दोरिंदाच्या नवऱ्यानं रात्रभर ओढलेलं माकूल
भलत्याच्याच नावावर चढलं होतं.

दोरिंदानं कानामागची पेन्सिल काढली,
आरडाओरडा नाही काही,
आणि पुठ्ठ्यावर लिहीत सुटली.
तिची पेन्सिल कधी अडकत नाही.
मनगट मात्र सुजतं.
म्हणून तर आम्ही हे सगळं शोधत होतो.

ब्रेइशो बराच वेळ गप्प.
मग त्यानं माहितीपत्रकात नसलेली एक गोष्ट केली.
वही काढून लिहिलं: बर्फाचं यंत्र.
खाली रेघ मारली.
"पुन्हा येऊ?"

ये, म्हटलं. शुक्रवारी ये.
वादळाचा अंदाज आहे, सगळ्या होड्या एकदम परततील.

पेन अजून टेबलावरच आहे.
मी टोपण लावून ठेवलंय,
शाई सुकू नये म्हणून.