मे महिन्यातली लोकर

पारा सेहेचाळीसवर,
कूलरच्या खसमधून ओला वारा येतो तेवढाच,
आणि कुंदा मांडीवर लोकर घेऊन बसलेली.
घामानं सुया सटकतात. बोटांना पावडर लावते,
पुन्हा सुरू: दोन सुलट, दोन उलट.
इतवारीतला दुकानदार म्हणाला होता,
"काकू, काय करून राहिल्या तुम्ही उन्हात?
लोकर माळ्यावर टाकली मी. दिवाळीनंतर या."
तिनं त्याला माळ्यावर चढवलंच.

काय करणार, अश्लेषाकडे जूनमध्ये थंडी पडते,
कॅनबेरात.
जुलैतल्या एका शनिवारी फोटो आला:
तिघं बर्फात, मागे पांढरी पडलेली झाडं,
खाली लिहिलेलं, तासाभरावर आहे, डबा घेऊन गेलो होतो.
ही तीच पोरगी,
जिला रविवारी उठवायला
मी मुद्दाम तिच्या खिडकीखाली स्कूटरला किक मारायचो.
आता पाचला उठते म्हणे,
गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडते
इथल्याच बँकेच्या जुन्या एटीएम कार्डानं.
नवरा गळ घेऊन तळ्यावर, ओजस दगड गोळा करतो.
शनिवारचे छंद. कॅलेंडरवर लिहून ठेवतात.
आमच्याकडे तेव्हा पंख्याखाली छत्री वाळत होती.

स्वेटर जूनमध्येच पोस्टात टाकला होता.
पोचला सप्टेंबरात.
तोवर तिथं झाडांना पालवी,
आणि ओजसचे हात बाह्यांतून चार बोटं बाहेर.
व्हिडिओवर तो हसत होता,
कुंदाही हसली,
मग आत जाऊन तिनं फ्रिज पुसला. रात्री साडेदहाला.

आमची थंडी डिसेंबरात येते, रीतसर.
ऑर्डनन्समधून सुटल्यापासून माझा एकच छंद,
ही विजय सुपर. आठवडाभर खोलायची, रविवारी जोडायची,
आणि चालली तर जायचं कुठंतरी.
परवा चालली.
कामठी, कन्हानचा पूल, धुक्यात ट्रकांचे दिवे,
मनसरला टायर तपासला, चहा घेतला, पुन्हा तपासला.
मागे कुंदा, पिशवीत वांगी, डाळ, कणीक,
आणि पिशवीच्या तळाशी, मला न सांगता, लोकर.

खिंडसीच्या काठावर गोवऱ्या पेटवल्या.
रोडगे भाजेपर्यंत काम नसतं.
समोर पाणी, पलीकडे गडावरचं देऊळ,
पाण्यावर कुठून कुठून आलेली बदकं.
मला पक्ष्यांतलं काही कळत नाही.
ती विणत होती. राखाडी, पुढच्या जूनसाठी.
बाहीपाशी येऊन थांबली.

"आता किती वाढला असेल हो?"
फोन कर म्हटलं. नको म्हणाली,
विचारलं की पाठवू नकोस म्हणतील, तिथं मिळतं सगळं.
मग उठली, होडीवाल्याच्या पोराला हाक मारली.
"काय रे, कितवीत?"
"दुसरीत."
"इकडे ये. पाठ कर."
शिंप्यासमोर राहावं तसा तो उभा राहिला, श्वास रोखून.
तिनं अर्धा स्वेटर त्याच्या खांद्यांना लावला.
सुया अजून त्यातच होत्या,
टोचल्या असतील, बोलला नाही.
एवढंच विचारलं,
"माह्यासाठी हाय का?"

मी रोडगे उलटायला लागलो,
खालून भाजले नव्हते तरी.
कुंदा टाके मोजत होती. किंवा मोजत नव्हती.
मग पोरगाच म्हणाला,
"हात लांब करा ना काकू.
मी मोठा होऊन राहिलो."

परतताना कन्हानच्या पुलाअलीकडे स्कूटर बंद पडली.
प्लग काढला, फुंकला, पुन्हा लावला.
मागून तिनं विचारलं,
इतवारीतलं ते दुकान रविवारी उघडं असतं का,
आणि राखाडी किती उरली असेल त्याच्याकडे.