रिकाम्या गाडीचं वजन

सावदा-फैजपूर रस्त्यावरच्या तोलकाट्यावर
अकरा वर्षं मी आकडे वाचतोय.
आधी रिकामी गाडी, मग भरलेली,
वजा जाता उरते ती केळी.
एवढं सोपं, तरी भांडणं होतात.
फोनवर ठरलेला भाव
पावती फाटेस्तोवर बदलतो,
आणि "मी असं बोललोच नव्हतो" म्हणणाऱ्याला
दाखवायला माझ्याकडे काही नसतं.

म्हणून लोकेश नेहेते म्हणाला,
"जेलब्रेक मारू भो, समदे कॉल रेकॉर्ड होतीन."
फोन साडूनं वापरून दिलेला, सात वर्षांचा.
कंपनीनं त्याच्याकडे पाठ फिरवून दोन वर्षं झाली,
तरी 'आपला फोन अद्ययावत आहे' असं लिहून येतं,
निवृत्त माणसाला रस्त्यात कुणी
'तब्येत छान दिसते' म्हणावं तसं.

दुपारचा पारा चव्वेचाळीस.
लोकेशनं लॅपटॉप उघडला, वायर जोडली.
आत जाणार कुठून, मी विचारलं.
"जुन्या सॉफ्टवेअरले भोक हाये ना, त्यातून."
मग आपलं काम झाल्यावर ते बुजवायचं कोणी?
तो हसला. "ते आधीपासून उघडंच हाये.
म्या थोडंच पाडलं?"
खरं होतं. पंखा चालू असून
मला तिथे पहिल्यांदा घाम आला.

"आन तुले कोन हॅक करीन? तू काय बँक हाये?"

नाही. पण आठवत गेलं एकेक:
दूध सोसायटीच्या खात्याचे ओटीपी,
कुमुदिनीचे दवाखान्यातले कागद,
मालकाचा पासवर्ड, जो मी
'गवंडी' या नावाखाली लपवलाय,
आणि नऊ सेकंदांचा एक आवाज,
जो मी कुणालाच ऐकवलेला नाही.

एकदा एक क्लीनर रिकाम्या ट्रकच्या केबिनमध्ये
चादर ओढून पडून राहिला होता.
भरलेल्या वजनाला मात्र खाली उतरून
समोर बिडी ओढत बसला.
साठ किलो केळी गेली,
एक घडही कुणी न उचलता.
तेव्हापासून रिकाम्या गाडीत मी आधी वाकून बघतो.
फोनमध्ये असं डोकं कुठून घालायचं?

"फाईल आणली कुठून?"
"मित्राच्या ग्रुपवर आली."
"त्याला कोणी दिली?"
लोकेशनं खांदे उडवले, चहा सांगायला गेला.
बिल्टी नसलेल्या मालाला
मी रात्री दोन वाजताही काट्यावर चढू देत नाही.

मग काय वाटलं कुणास ठाऊक,
वायर काढली, उन्हात गेलो
आणि फोन ठेवला काट्याच्या मधोमध,
जिथे दिल्लीला जाणारा ट्रक उभा राहतो.
आत येऊन खिडकीतून आकडा पाहिला.
लाल शून्य.
आमच्या काट्याचं लहानात लहान माप दहा किलो,
त्याखालच्या सगळ्याला तो शून्यच म्हणतो.
सगळं पुसून फोन रिकामा केला असता
तरी हेच शून्य आलं असतं.
बघत राहिलो. अकरा वर्षं
या आकड्यावर माझी सही होतीय.

हॉर्न वाजला. रावेरकडून आलेली गाडी,
पुढचं चाक उतारावर चढलेलं.
मी अनवाणीच धावलो,
पत्र्यावर पाय पोळले,
तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीसारखा फोन
दोन्ही हातांत झेलत परतलो.
ड्रायव्हरनं शिवी दिली. लोकेश
दोन ग्लास धरून उभा, पोट धरून हसायला हात मोकळा नाही.
"आन तू मले धोका शिकवतं?"

फोन अजून तसाच आहे, जुना, भोकासकट.
बँक मी त्यातून काढली. तो आवाज नाही काढला.
भाव आता पावतीच्या मागे पेनानं लिहितो,
खाली सही मागतो.
दोघांनी केली.
तिसऱ्यानं पेन हातात घेतलं, फिरवलं,
आणि म्हणाला, "काहून भो,
भरोसा नाही का?"