द्राक्षाच्या चार फोडी

जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जामागे
निहारच्या आईनं एक कागद टाचला होता.
लाल पेनानं दोनच शब्द : शेंगदाणा नको.
खाली पेन्सिलनं, मागाहून सुचल्यासारखं :
कूट पण नाही. तेल पण नाही.
देणाऱ्यानं हात धुवून.

मी म्हटलं, बरं. एवढं काय त्यात.
सातपूरची आमची बालवाडी,
एकोणीस मुलं, एक कुरकुरणारा पंखा,
भिंतीवर अ अननसाचा, जो त्यांतल्या कुणी खाल्लेला नाही.

मग डबे उघडले.
कोशिंबिरीत दाणा. भेंडीत दाणा.
साबुदाण्यात तर तो घरजावई.
थालीपीठ वरून साधंभोळं, पोटात कूट.
आणि चिवडा!
नाशकाहून पाहुणा निघाला की
आम्ही त्याच्या पिशवीत कोंबतो तो चिवडा,
त्यातून दाणे वेचून काढले
तर खाली उरतात नुसते पोहे आणि अपमान.

मला माझ्याच हाताचा संशय येऊ लागला.
तीस वर्षं झाली, फोडणी तडतडली की
तो मला न विचारता
डावीकडच्या बरणीत जातो.

पहिला महिना निहार वेगळा बसला,
खिडकीशी, निळ्या पाटावर.
कुणाच्या डब्यात बघायचा नाही.
स्वतःच्या झाकणात बघायचा :
तिथं त्याचं तोंड लांबट दिसायचं,
त्याला तो जीभ काढून दाखवायचा.
त्या जिभेनं माझं ठरलं.

शनिवारी पालक बोलावले.
मनकर्णाआजी म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हतं असलं काही.
असेलही, मी म्हटलं. कुणी मोजलं नसेल.
कोकाटे म्हणाले, एकासाठी अठरांनी का?
याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही,
आजही धड येत नाही.
निहारची आईच बोलली, फरशीकडे बघत.
बारशाचा लाडू होता. अर्धाच.
आधी ओठ सुजले, मग आवाज गेला.
रिक्षावाल्यानं त्र्यंबक नाक्याचा सिग्नल तोडला.
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणाली,
आणि तेवढ्यावर रडली.

मग आम्ही चाचपडत शिकलो.
उकडलेलं रताळं, वर चिमूट जिरं.
ज्वारीच्या लाह्यांना तुपाचा हात.
राजगिऱ्याचा लाडू घरचाच,
दुकानातल्यात दाणा लपून बसतो.
नाचणीचं धिरडं पहिल्या दिवशी सगळं परत आलं,
दुसऱ्या दिवशी त्याला डोळे कोरले, संपलं.
पाकिटांमागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला
मी चष्म्याचा नंबर वाढवून आणला.

फेब्रुवारीत कोकाटे क्रेट घेऊन दारात.
भावाचा मखमलाबादचा मळा, मणी अंगठ्याएवढे.
मान खाजवत म्हणाले,
बाई, यात दाणा नाही हां.
मी म्हटलं, बीसुद्धा नाही.
दोघंही हसलो, थोडं जास्तच.

पण अख्खं द्राक्ष बारक्या गळ्यात बूच बसतं.
म्हणून शालनमावशी आणि मी,
एकेक मणी उभा धरून
चार फोडी, चार फोडी,
बोटं चिकट, पदराला मुंग्या,
गोलातून एकोणीस तोंडांची ओरड.

निहार आता गोलात बसतो.
काल त्यानं ज्ञानदाच्या डब्यातलं रताळं उचललं,
माझ्याकडे न बघता.
मी मात्र बघत राहिले.
त्याच्या ओठांकडे, मग घड्याळाकडे,
मग वरच्या फळीवरच्या औषधाच्या पिशवीकडे.
काही झालं नाही.
त्यानं बोटं चाटली आणि
ज्ञानदाला विचारलं, उद्या काय आणशील?

रात्री घरी गवारीला फोडणी दिली.
हात डावीकडे गेला.
बरणी माझी, घर माझं, उद्या रविवार.
तरी कूट घालून झाल्यावर
मी कोपरापर्यंत हात धुतले.