पाचातलं एक रिकामं

पहाटे साडेपाचला, नळाला पाणी यायच्या आधी,
कन्नमवार नगरातल्या माझ्या भिंतीसमोर
मी उभी राहते
उजव्या हातात थंड इस्त्री धरून.
वजन साधारण पिस्तुलाएवढंच.
हात खांद्याच्या रेषेत, मनगट कुलूप घातल्यासारखं,
डावा हात खिशात, म्हणजे त्याची लुडबुड नको.
एक मिनिट. खाली. पुन्हा एक मिनिट.
अंथरुणातून ओजस विचारतो,
आई, आज हवेलाच इस्त्री का?

भिंत कोरी हवी, तांडेल सर सांगतात.
समोर टार्गेट दिसलं की बोटाला हाव सुटते.
मी कॅलेंडर काढलं.
सासूबाईंचा फोटो काढला नाही,
दोन फूट उजवीकडे सरकवला.

शनिवारी वरळीच्या रेंजवर
पहिला तास एकही बार नाही.
नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं,
ट्रिगर ओढायचा, नाणं पडता कामा नये.
पडतं.
चाळिसाव्या वेळी पडतं.
एक्केचाळिसाव्या वेळी राहतं,
त्याचा मला इतका आनंद होतो
की बेचाळिसाव्या वेळी ते पार
शेजारच्या लेनमध्ये घरंगळत जातं
आणि एक कॉलेजचा मुलगा
न बोलता ते परत आणून देतो.

रणदिवे, तुम्ही शिक्का मारताय, सर म्हणतात.
खरंय.
बावीस वर्षं भायखळ्याच्या पोस्टात,
खिडकी नंबर तीन,
ठाप, तारीख, ठाप, पुढे या, ठाप.
हाताला तेवढंच येतं.
ट्रिगर पिकू द्यायचा असतो, सर म्हणतात,
कधी गळला ते तुम्हालाही कळू नये.

हात हलतो सर.
हलणारच. माझ्या बापाची होडी
उभ्या जन्मात कधी स्थिर नव्हती,
म्हणून त्याने जाळं टाकलं नाही का?
माशी बघा. फक्त माशी.

तर मी माशी बघते.
खाचेत उभा लोखंडाचा चौकोनी दात,
दोन्ही बाजूंना सारखीच उजेडाची फट.
दात लख्ख, पलीकडचं काळं वर्तुळ धूसर,
पाण्यात पडलेल्या बटणासारखं.
जिथे मारायचं तिथे बघायचं नाही,
हे डोळ्याला पटायला सहा महिने गेले.
श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा,
उरलेल्या अर्ध्यात सहा-सात सेकंद.
नाहीच जमलं तर खाली ठेवायचं.
खाली ठेवायलाही सर गुण देतात,
त्यांच्या वहीत, लाल शाईने.

मग एका शनिवारी त्यांनी स्वतः मॅगझिन भरलं.
पाच काडतुसं, त्यातलं एक रिकामं.
कितवं, ते सांगितलं नाही.
पहिला बार नऊ. दुसरा आठ.
तिसऱ्याला नुसतं
टिक्.
आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही,
तरी माझं मनगट खाली बुडालं,
डावीकडे, सात वाजण्याच्या दिशेने,
डोळे मिटले,
आणि खांदा असा आखडला
जसा दार आपटायच्या आधी
लहानपणी आखडायचा.

सर काही बोलले नाहीत.
बाहेर कावळे होते, भरतीचा वास होता.
मी पिस्तूल टेबलावर ठेवलं,
नळी समोर, बोट बाहेर,
आणि पाणी प्यायले.
पुन्हा भरा, म्हटलं. या वेळी दोन रिकामी घाला.

सोमवारी खिडकीवर
नायगावच्या एका पार्सलवर शिक्का ठेवला,
अर्धा श्वास सोडला, दाबला,
आणि उचलायच्या आधी मोजलं, एक, दोन.
बार सुटल्यावरही तसंच धरून राहायचं असतं.
शिक्का अख्खा उमटला,
भायखळ्याचा भ सुद्धा वाचता येण्यासारखा.
रांगेतून कुणीतरी ओरडलं,
अहो बाई, झोप लागली का?

रात्री वहीत लिहिलं:
शनिवार. पन्नास बार, चारशे बारा.
डावीकडे खाली दोन, दोन्ही सहा.
खाली ठेवलं अकरा वेळा.
दचकले चार वेळा.
दारामुळे किती, ते वेगळं मोजायला हवं.