तेलाआधी

वैशाखात उभी राहिली ही खोप,
खांब ऐनाचे, भिंती रायवळ आंब्याच्या,
फळ्या इतक्या ओल्या
की खिळा ठोकला की कडेनं पाणी यायचं.
दाऊदचाचा होडेकर म्हणाले, आत्ता तेल नको,
लाकूड अजून झाडातच आहे.
मग ते मोतीबिंदूसाठी चिपळूणला गेले
आणि मी दार लोटून घेतलं, चार महिने.

आश्विनात उघडलं
तर आत कुणी राहून गेल्यासारखं.
फळ्यांवर राखाडी लव,
उंदराच्या पोटासारखी मऊ,
आणि तिच्यात काळे ठिपके, मोहरी सांडावी तसे.
झेल्याची काठी सुटली होती,
कोयत्याची मूठ नाही.
नवंकोरं लाकूड,
आणि वास भिजल्या पोत्याचा.

प्रफुल्लनं पनवेलहून डबा पाठवलाय,
दोन लिटर, वर चकचकीत टेबलाचं चित्र.
फोनवर म्हणतो, लाव की वरून, कोण बघतंय आत.
त्याचं सगळं असंच.
बापूंच्या तेराव्याला
अंगण सारवून घेतलं त्यानं दोनदा,
आणि ओसरीवर जे बोलणं झालं
ते आजतागायत कुणी काढलं नाही.
मीही नाही.

चाचा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले.
फळीला नाक लावलं,
आता जीभ लावतात की काय असं वाटलं.
म्हणाले, वेलदूरच्या एकानं, नाव नको,
होडीला असंच तेल पाजलं, बुरशीवरच.
तिसऱ्या वर्षी तळ नखानं निघत होता.
"तेल म्हणजे कुलूप, बाय.
चोर आत असताना लावायचं नाही."

म्हणून नाकाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून
दारं-खिडकी सताड उघडी टाकून
सोडणानं घासत बसले,
वरून खाली, रेषेच्या दिशेनं, आडवं नाही.
पहिल्या दिवशी माडीचा सिरका.
दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा.
दोघांना एका बादलीत बसवू नये,
चुलतभावांसारखे फसफसतात
आणि काम कुणीच करत नाही.
मग साधं पाणी. मग पुन्हा साधं पाणी.
बादलीतलं काळं मी माडाच्या आळ्यात नाही ओतलं,
गडग्यापलीकडे, करवंदीच्या जाळीत.

दारामागच्या फळीवर
बुरशीखालून पेन्सिल वर आली.
चाचांचे उर्दू आकडे,
एक पाच, उलट्या बदामासारखा,
त्याच्यावर काट, बाजूला दुसरा पाच.
हात थांबला.
चाचा ओट्यावरून हसले,
"घास, घास. ते माप चुकलेलंच होतं,
म्हणून तर दार तुझं अर्धा बोट अडतं."
तरी तिथं मी काचपेपर लावला नाही.
नुसतं फडकं, बोटाला गुंडाळून,
आकड्याच्या पोटात, कडेकडेनं,
कानातला मळ काढावा तसं.

काही डाग गेले नाहीत.
चाचा म्हणाले, जीव गेलाय त्यांचा, आता नुसता रंग आहे,
राहू दे.
ओळखायचं कसं?
घास, दोन दिवस थांब.
परत उगवलं तर जिवंत.

आज पाचवा दिवस.
हळव्या भाताची कापणी चालली आहे पलीकडे,
ऊन असं की पत्रा टकटक वाजतो.
काजूच्या टरफलांचं तेल आणून ठेवलंय,
हाताला लागू नये म्हणून मोजेही.
प्रफुल्लच्या डब्यावर कोयता टेकवलाय.
फळीफळीवर पाण्याचा थेंब ठेवून बघते,
दक्षिणेची पिते, पूर्वेची पिते,
दाराची फळी तर घटाघट.

खिशात फोन थरथरतोय.
झालं का लावून, विचारेल.
या वेळी उचलते.
तेलाचं नाही, ओसरीवरचं काढायचंय,
तुझा आवाज चढला तरी, माझा फुटला तरी.

फक्त एक मिनिट थांब.
उत्तरेच्या भिंतीला गाल लावलाय,
ती अजून थंड आहे.