सत्तावन्न पेसो

दर मंगळवारी सकाळी आठला
आलिंग तिनायच्या दारात आम्ही पाच जणी.
उजवा हात वर, बोटं लसणानं चिकट,
शपथ म्हणतो :
हप्ता वेळेवर भरू,
कर्जाचा पैसा धंद्यालाच लावू.
दुसऱ्या ओळीला चारिंगला हमखास खोकला येतो.
तिच्या धंद्यातून पोराच्या शाळेचे बूट आले,
ते सगळ्या बासेकोनं पाहिलेत.

पाच हजार पेसो, पंचवीस आठवडे,
आठवड्याला दोनशे तीस.
हिशोब सोपा आहे.
मंगळवार सोपा नसतो.

याआधी मोटरसायकलवर तो यायचा, पगडीवाला,
हप्त्यानं छत्र्या द्यायचा, पंखे द्यायचा,
आणि पाच दिले की सहा मागायचा.
वस्ती त्याला बुंबाय म्हणते.
मुंबई कशी आहे रे, मी एकदा विचारलं.
हसला. म्हणाला, मी कुठं बघितलीय?
त्यानं कधी शपथ घ्यायला लावली नाही.
सहा मागितले फक्त.

अकरा वर्षं मी दुसऱ्याचा लसूण सोलला.
गोणी त्याची, सुरी माझी,
मजुरी त्याच्या तोंडात येईल ती.
आधी नखं जातात,
मग चुरचुरणंही जातं.
या कर्जातून दिविसोरियाच्या बाजारातून
दोन गोण्या आणल्या, माझ्या.
त्या दिवशी सालं झाडून खाडीत टाकली
आणि उगाच मागं वळून बघितलं,
वाऱ्यावर चाललेली माझी सालं.

या मंगळवारी पेर्लिता आली नाही.

सर रेनान्ते तीन जीपनी बदलून येतो,
इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वही.
नियम त्याचा नाही, संस्थेचा :
पाचही हप्ते जमेपर्यंत कुणी उठायचं नाही.
नऊ वाजले. साडेनऊ.
भरतीचं पाणी फळीखाली येऊन गेलं.
माझा लसूण घरी, उन्हं चढलेली,
खानावळीचा माणूस दहाला येऊन जाणार.

दार बंद आहे तिचं, चारिंग म्हणाली.
आणि चुलीवर पातेलं नाही.
पातेलं म्हणजे तिचा धंदा,
पहाटेची तांदळाची पेज, वर आलं, वर कांद्याची पात.
पातेलं नाही म्हणजे सराफाकडे आहे.
नवरा गोदीत पडला होता ना.
मग कुणी काही बोललं नाही,
आणि सगळ्यांच्याच मनात एकच शिवी होती.
तिच्या कागदावर सही मीच केली होती,
दुसऱ्याच्या गोणीला सुतळी बांधावी तशी, न बघता.

दोनशे तीस, चौघींत.
साडेसत्तावन्न.
पन्नास सेंटाव्हो कुणाकडेच निघेनात.
शेवटी आम्ही तिघींनी सत्तावन्न दिले,
आलिंग तिनायनं एकोणसाठ,
आणि ते दोन पेसो
ती आता मरेपर्यंत बोलून दाखवणार.

सर रेनान्तेनं नोटा मोजल्या, बोटं हुंगली,
रुमालाला पुसली.
लाजला थोडा. पोरगाच आहे.
म्हणाला, जीपनीत माणसं सरकून बसतात.

रात्री वीज गेलेली.
मेणबत्तीपाशी मी सोलत होते.
पेर्लिता आली. पैसे नाहीत, हे हातांवरून दिसलं.
बस म्हटलं नाही. बसली.
कोपऱ्यातली सुरी घेतली.

माझ्याकडे शब्द तयार होते, दुपारपासून घासूनपुसून ठेवलेले.
ती नवऱ्याचं सांगेल म्हणून थांबले.
तिनं सांगितलं नाही.
पाकळ्या टोपलीत पडत होत्या, टप, टप,
शेजारी कुणाचं तरी बाळ रडून रडून झोपलं.

सत्तावन्न पेसोंचा लसूण किती होतो
मला ठाऊक आहे.
तिलाही ठाऊक आहे.
तेवढा झाला तशी ती उठली,
पदरातली सालं झटकली, दारापर्यंत गेली,

आणि परत येऊन बसली.
अजून एक मूठ सोलली.

ते व्याज होतं की काय होतं,
मी विचारलं नाही.
मेणबत्ती तिच्या बाजूला सरकवली.